बंडीचे वंगण आणि पिकअपचे तेल



आपल्या वाडवडिलांच्या बंडीखाली वंगणाचा एक बांबूचा नळा टांगलेला असे. आखाला वंगण घातल्याशिवाय जाणता माणूस बाजाराच्या दिवशी बैल जुंपीत नसे. चाक कुरकुरू लागले तर वाटेत भेटणारा अनोळखी माणूसदेखील टोकत असे, "पाटील, वंगण सरले वाटते!"

आज वारासिवनीच्या आसपासच्या गावांतून बंड्या कमी झाल्या आणि त्यांच्या जागी पिकअप आल्या. धान, चिन्नोरची पोती, भाजीपाला, खत, शेळ्या, वऱ्हाडी मंडळी आणि वेळप्रसंगी बालाघाटच्या दवाखान्यात न्यावयाचा आजारी माणूस, सारे काही तीच वाहून नेते. परंतु वंगणाचा नळा मात्र बंडीबरोबरच गेला. डिझेल आपण रोज पाहतो, इंजिनाचे तेल मिस्त्री बदलतो. स्टिअरिंगचे तेल मात्र गाडी घेतल्या दिवसापासून कित्येकांनी पाहिलेलेही नसते. आज त्या तेलाविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. आणि सांगण्यापूर्वी आमची स्वतःची चूक कबूल केलेली बरी.

आमची चूक

आमच्या अंगणात एक जुनी पिकअप आहे. एका वर्षी धानाची चुरणी चालू असताना तिचे स्टिअरिंग थोडे जड वाटू लागले. बॉनेट उघडून पाहिले तर स्टिअरिंगच्या टाकीतील तेल खाली गेलेले. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, नट-बोल्ट नव्हे. पडवीच्या फळीवर तेलाच्या तीन-चार बाटल्या होत्या. त्यांतील एक उचलली आणि टाकी भरली. स्टिअरिंग हलके झाले. आम्हांस वाटले, झाले काम.

काही आठवड्यांनी कटंगीच्या रस्त्याने पोती भरून येत असताना संध्याकाळच्या वेळी एका वळणावर स्टिअरिंग एकाएकी दगडासारखे जड झाले. गाडी रस्ता सोडून कडेच्या मातीत उतरली आणि बांधीच्या धुऱ्याशी थांबली. पोत्यांवर तीन माणसे बसलेली होती. त्यांना तेथे बसू दिले, हीदेखील आमचीच चूक. कोणाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने टाकीचे झाकण उघडले, बोटाला तेल लावून हुंगले आणि म्हणाला, "फादर, यात ब्रेक ऑईल पडलंय." बाटली चुकली होती. ब्रेकचे तेल आणि स्टिअरिंगचे तेल यांची जातच निराळी. ब्रेकच्या तेलाने स्टिअरिंगमधील रबरी सील फुगले, मऊ पडले आणि गळू लागले. थोडेथोडे करून सारे तेल रस्त्यावर सांडले. काही रुपयांच्या तेलापायी पंप आणि सील यांचा भुर्दंड बसला.

मिस्त्री पुढे जे बोलला ते आम्ही विसरलो नाही. "उलट झालं असतं तर? ब्रेकच्या डबीत स्टिअरिंगचं तेल पडलं असतं तर ब्रेकचे रबर फुगून ब्रेकच गेले असते." म्हणून या लेखातील पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट हीच की, ब्रेक ऑईल आणि स्टिअरिंग ऑईल कधीही एका फळीवर ठेवू नका. प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. ज्या बाटलीचे नाव पुसले गेले ती गाडीत ओतू नका.

हे तेल करते तरी काय?

पास्कल या फ्रेंच विद्वानाचे (१६२३–१६६२) नाव आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञ म्हणून ऐकले होते. त्यांनीच हा नियम सांगून ठेवला की, बंद भांड्यातील द्रवावर एके ठिकाणी दाब दिला की तो साऱ्या बाजूंना सारखाच पोहोचतो. त्यामुळे लहान जागी दिलेला दाब मोठ्या दट्ट्यावर मोठा जोर होऊन उमटतो. जेसीबीचा हात आणि ट्रॅक्टरची लिफ्ट याच नियमावर उचलतात. पॉवर स्टिअरिंगही त्याचेच भावंड.

इंजिनाच्या पट्ट्यावर एक लहान पंप फिरतो. तो टाकीतील तेल ओढून दाबाखाली स्टिअरिंगकडे पाठवितो. आपण चक्र ज्या बाजूला वळवू त्या बाजूची वाट आतील झडप उघडते. तेल दट्ट्याला ढकलते, आणि वळविण्याचा बराचसा जोर आपल्या हाताऐवजी तेल लावते. काम झालेले तेल दुसऱ्या नळीने टाकीत परत येते. अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनियरने १९२६ साली अशी व्यवस्था गाडीवर बसवून दाखविली. ट्रकचालकांचे हात भरून येतात, हे तो पाहत आला होता. विक्रीच्या मोटारीत ती १९५१ साली आली, आणि आज ती आपल्या धानाच्या गाडीत आहे.

म्हणजे हे तेल तीन कामे करते: जोर पोहोचविते, पंपाला वंगण देते आणि उष्णता वाहून नेते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. त्यात गाडी भरलेली, रस्ता खड्ड्यांचा, आणि बांधीच्या अरुंद वाटेवर पुन:पुन्हा मागे-पुढे करणे. या साऱ्याने तेल तापते, काळे पडते, आणि झिजलेल्या धातूचा व रबराचा बारीक चुरा त्यात मिसळतो. तोच चुरा मग पंपाला आणि सीलला कानशीसारखा घासत राहतो.

एक खुलासा. काही नव्या लहान गाड्यांत विजेच्या मोटारीवर चालणारे स्टिअरिंग असते. त्यात हे तेल नसतेच. आपल्या गाडीत कोणते आहे ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

तेल खराब झाल्याची लक्षणे

चक्र वळविताना घूंऽऽ असा आवाज येणे, सकाळी पहिल्यांदा वळविताना जड जाणे, वळविताना झटके बसणे, उभ्या गाडीखाली तेलाचे डाग दिसणे, ही ओळखीची लक्षणे. पांढऱ्या कागदावर किंवा स्वच्छ फडक्यावर टाकीतील एक थेंब टाकून पाहा. पुष्कळ गाड्यांत नवे तेल लाल असते. थेंब तपकिरी-काळा दिसला, जळका वास आला किंवा बोटांत कचकच लागली, तर ते बदलण्याची वेळ झाली. थेंब दुधासारखा किंवा फेसाळ असेल तर तेलात पाणी किंवा हवा शिरली आहे.

परंतु प्रत्येक जडपणा तेलाचा नसतो. पुढच्या टायरात हवा कमी असेल, पंपाचा पट्टा सैल असेल किंवा बॉल जॉईंट कोरडे पडले असतील, तरीही स्टिअरिंग जड होते. हे आधी पाहावे. याच्या उलट, मागे फार भार घातला तर पुढची चाके उचलल्यासारखी होतात आणि स्टिअरिंग हलके लागते. ते चांगले लक्षण नव्हे. अशा वेळी चाकांची रस्त्यावरील पकड सुटलेली असते.

किती दिवसांनी बदलावे, हे गाडीच्या पुस्तिकेत दिले असेल तसे करावे. तेथे काही नसेल तर दोन-तीन वर्षांनी किंवा ४०–५० हजार किलोमीटरनंतर बदलावे, असे मिस्त्री सांगतात. तेलही पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच घ्यावे. पुष्कळ गाड्यांना ए.टी.एफ. जातीचे लागते, पण सर्वांना नाही. सुटे, बिननावाचे तेल स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

पहिली रीत: सोपी आणि बिनधोक

ज्यांना नळ्या सोडविण्याची सवय नाही त्यांनी हीच रीत धरावी.

इंजिन बंद आणि थंड असताना टाकी व झाकण बाहेरून स्वच्छ पुसा, म्हणजे धूळ आत पडणार नाही. मोठी नवी पिचकारी आणि रबरी नळीचा तुकडा घेऊन टाकीतील जुने तेल ओढून काढा. ही पिचकारी नंतर जनावरांच्या औषधाला कधीही वापरू नका. मग खुणेपर्यंत नवे तेल भरा. आठवडाभर गाडी चालवा आणि पुन्हा तसेच करा. असे चार वेळा करावे.

चार वेळा कशासाठी, याचा हिशेब सरळ आहे. समजा गाडीत एकूण एक लिटर तेल आहे आणि टाकीत त्याचा तिसरा हिस्सा मावतो. पहिल्या वेळी दोन तृतीयांश जुने तेल आतच राहते. दुसऱ्या वेळेनंतर सुमारे ४४ टक्के उरते, तिसऱ्या वेळेनंतर ३० आणि चौथ्या वेळेनंतर २०. सारे तेल बदलत नाही, पण पाच भागांतील चार भाग नवे होते आणि एकही नळी सोडवावी लागत नाही. याला सुमारे सव्वा ते दीड लिटर तेल लागते.

दुसरी रीत: पूर्ण धुऊन काढणे

तेल फार काळे असेल तर ही रीत हवी. हिला दोन माणसे लागतात, आणि पहिल्या खेपेला जाणत्या मिस्त्रीजवळ उभे राहून ती शिकावी.

१. गाडी सपाट, टणक जागेवर लावा. हातब्रेक ओढा, गाडी गियरमध्ये ठेवा आणि मागील चाकांना पुढून-मागून दगड लावा.

२. पुढचा भाग जॅकने उचलून दोन्ही बाजूंना मजबूत लोखंडी स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जॅक निसटला की ओरडण्यापुरताही वेळ मिळत नाही. विटा रचून आधार देऊ नये, त्या भाराखाली फुटतात.

३. पिचकारीने टाकी रिकामी करा. टाकीच्या तळाशी जाळी असेल आणि ती निघत असेल तर स्वच्छ करा.

४. टाकीला दोन नळ्या लागलेल्या असतात. एकीने तेल पंपाकडे जाते, दुसरीने परत येते. परत येणारी नळी मिस्त्रीकडून नीट ओळखून घ्या आणि तीच सोडवा. पंपातून स्टिअरिंगकडे नटाने आवळलेला जाड पाईप जातो, तो दाबाचा. त्याला हात लावू नका. सुटलेल्या नळीला प्लास्टिकची लांब नळी जोडून तिचे टोक रिकाम्या कॅनमध्ये सोडा. टाकीला जे तोंड उघडे राहिले ते रबरी बुचाने घट्ट बंद करा.

५. टाकीत नवे तेल भरा. इंजिन चालू न करता, नुसती चावी फिरवून स्टिअरिंगचे कुलूप सोडवा. एकाने चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे, दुसऱ्याने टाकीवर नजर ठेवावी. कॅनमध्ये काळे तेल येऊ लागेल. टाकी रिकामी होऊ न देता नवे तेल भरत राहा. नळीतून नव्या रंगाचे तेल दिसू लागले की थांबा.

काहीजण इंजिन चालू करून हे काम करतात. काम लवकर होते खरे, पण इंजिन चालू असताना पंप काही क्षणांतच टाकी कोरडी करतो, आणि कोरडा फिरलेला पंप खराब होतो. ते मिस्त्रीवरच सोडावे.

६. नळी पूर्ववत जोडून क्लिप नीट आवळा. जुनी क्लिप सैल असेल तर नवी लावा.

रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल घालून आतील भाग धुण्याची कल्पना कोणी सुचविली तर ऐकू नका. ही पातळ द्रव्ये वंगण देत नाहीत, रबराला मारक ठरतात, आणि सारी कधीच बाहेर येत नाहीत. नव्या तेलानेच जुने तेल बाहेर काढावे.

हवा काढणे

आत राहिलेली हवा म्हणजे पुन्हा आवाज आणि फेस. म्हणून इंजिन बंद ठेवूनच चक्र दोन्ही टोकांपर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवा. टाकीत बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल. तेल भरत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा हलके फिरवा. फेस दिसला तर इंजिन बंद करून तासभर गाडी तशीच राहू द्या. घाई करू नका. शेवटी गाडी खाली उतरवून पातळी खुणेशी जुळते ते पाहा. टाकी काठोकाठ भरू नये, कारण तापलेले तेल वाढते.

आणि एक सवय सोडा. चक्र एका टोकाला नेऊन तसेच दाबून धरू नका. तेथे पंपाचा दाब सर्वांत जास्त असतो आणि तेल झपाट्याने तापते. टोकाला पोहोचले की किंचित सैल सोडावे.

वाटेत स्टिअरिंग जड झाले तर

ही गोष्ट घरातील प्रत्येक चालकाला, तरुण मुलांना विशेषतः, सांगून ठेवा. तेल गेले तरी चक्र आणि चाके यांचा लोखंडी सांधा कायम असतो. स्टिअरिंग जड होते, पण गाडी वळते. दोन्ही हातांनी चक्र घट्ट धरा, ॲक्सिलेटर सोडा, सावकाश ब्रेक लावा आणि रस्त्याच्या कडेला थांबा. घाबरून चावी बंद करू नका.

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची काहींना खोड असते. बालाघाटहून बैहरकडे जाताना घाट लागतो, तेथून परत उतरताना हा मोह होतो. इंजिन बंद झाले की स्टिअरिंगची मदत जाते, काही क्षणांत ब्रेकची मदतही संपते, आणि चावी बाहेर काढली तर चक्राला कुलूप बसते. वाचलेले डिझेल एखाद्या कपात मावेल इतके, आणि पणाला लागतात हौद्यात बसलेल्या माणसांचे जीव. हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्याला परवडणारा नाही.

हात, लेकरे आणि विहीर

आता आरोग्याचे. गळती शोधताना चालू इंजिनाच्या पाईपवर बोट फिरवू नका. दाबाच्या पाईपमधील जोर टायरातील हवेच्या दाबाच्या दहापटीहून अधिक असू शकतो. बारीक छिद्रातून निघालेली तेलाची धार सुईसारखी कातडीत शिरते. वरून एवढासा ठिपका दिसतो, पहिल्यांदा फारसे दुखतही नाही, पण आत तेल पसरून बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका. त्याच घटकेला दवाखान्यात जा आणि "दाबाचे तेल आत शिरले" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधावयाची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

हातांचे तेल पेट्रोल किंवा डिझेलने धुऊ नये, कातडी फुटते आणि खाज सुटते. आधी थोडे खाण्याचे तेल चोळावे, मग साबण आणि पाणी. डोळ्यात उडाले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे व डॉक्टरांना दाखवावे.

कोणतेही तेल थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. लाल तेल लहान लेकराला सरबत वाटते. चुकून प्यायलेच तर बोट घालून उलटी करवू नका. उलटीच्या वेळी तेल फुप्फुसात गेले तर जास्त घात होतो. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.

राहिले जुने तेल. ते बैलाच्या जखमेवर लावू नका, चुलीत जाळू नका, आणि नाल्यात, बोडीत किंवा विहिरीजवळ तर मुळीच ओतू नका. ज्या पाण्यावर आपले धान उभे आहे आणि जे आपली जनावरे पितात, तेच पाणी नासते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, जो गॅरेजवाला ते पुन्हा शुद्ध करणाऱ्या परवानाधारकाकडे पोहोचवितो त्याच्याकडे द्यावे.

शेवटी

बंधूंनो, तेलाचा खर्च धानाच्या एखाद्या पोत्याच्या किमतीहूनही कमी आहे, आणि काम एका सुटीच्या सकाळचे. खरीप आटोपून धान वाहण्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, एखाद्या रविवारी मिस्सानंतर शेजारी मिळून दोन-चार गाड्यांचे बॉनेट उघडा आणि कागदावर एक-एक थेंब टाकून पाहा. ज्याला समजते त्याने न समजणाऱ्याला दाखवावे. आमच्या पडवीत आता ब्रेक ऑईल वेगळ्या कपाटात, कुलपात असते, आणि पोत्यांवर कोणालाही बसू देत नाही. त्या संध्याकाळी धुऱ्याशी गाडी थांबली नसती तर हा लेख लिहिण्याचे धैर्य आम्हांस झाले नसते.